चुकलेला तास कोणाचा?

वऱ्हाडात ‘तास’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक घड्याळातला. दुसरा शेतातला, म्हणजे नांगराने पाडलेली सर किंवा पिकाची ओळ. पावसाळ्यात कपाशीच्या दोन तासांमधून डवरा चालतो. बैलांच्या तोंडाला मुसकं बांधलेलं असतं आणि मागचा माणूस जमिनीवरून नजर हलवत नाही. ज्याने डवरा धरला आहे त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: घड्याळातले तास वाढले की शेतातले तास वाकडे जातात. बैल थकतो, एक पाऊल बाहेर टाकतो आणि उभी पऱ्हाटी डवऱ्याखाली येते. कापलेलं रोप परत जोडता येत नाही, तिथे हंगामभर खाडा दिसत राहतो. म्हणून बैल वेळेवर सोडतात. त्यात दया असते आणि हिशेबही असतो. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायची गरज आमच्या आज्याला कधी पडली नाही.

माझं काम कपाशीचं नाही. मी कोड लिहितो. शिक्षण अमरावतीत, बडनेरा रोडवरच्या एका खोलीत चार पोरं मिळून राहून. मग काही वर्षं हिंजवडी, आणि कोरोनानंतर पुन्हा अकोल्यात. घराच्या वरच्या मजल्यावर टेबल, कूलर, इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट. कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेतला. त्यांची सकाळची मीटिंग आमच्याकडे रात्री साडेआठला पडते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि आमच्या घरातलं जेवण त्यामुळे पुढे सरकतं. पहिल्या वर्षी आईने विचारलं होतं, “काहून रे बापा, अमेरिकेतलं घड्याळ बी माघं पडते काय?” पडते, म्हटलं. तिने मान हलवली आणि भाकरी झाकून ठेवली.

तिला यात फार नवल वाटलं नाही, कारण आमच्या भागात रात्रीचे तास दुसऱ्याच्या सोयीने ठरण्याची सवय जुनी आहे. शेतीच्या पंपाला वीज रात्रीच्या पाळीत आली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, अंधारात, सापाविंचवातून. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्याला सौर कृषी वाहिनीची वेगळी योजना आणावी लागली. माझी रात्र निदान खुर्चीत जाते.

या लेखातला प्रश्न मात्र झोपेचा किंवा तब्येतीचा नाही. त्यावर रील भरपूर आहेत, रात्री दीड वाजता बघत असालच. प्रश्न असा आहे: पंधरा तास काम केलेल्या माणसाच्या हातून रात्री दोन वाजता जी चूक होते, ती कोणाची?

आमच्या टीममध्ये दर्यापूरकडचा एक मुलगा आहे. हुशार, अबोल, नोकरीचं दुसरं वर्ष. आमचं सॉफ्टवेअर गोदामांमधल्या कामगारांच्या हजेरीवरून पगार काढतं. रिलीजची तारीख आधी ठरली, काम नंतर मोजलं गेलं, हे सगळीकडे असतं. तिसऱ्या आठवड्यात तो रोज सकाळी दहाला बसून मध्यरात्रीनंतर उठत होता. अशाच एका रात्री त्याने एक छोटा बदल केला. पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, याची तुलना करणाऱ्या चार ओळी. दिवसपाळीला त्या बरोबर चालत होत्या. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, तारीख बदलते, हे त्या चार ओळींना माहीत नव्हतं. त्या आठवड्यात रात्रपाळीच्या लोकांचे बाराच्या पुढचे तास पगारातून गळाले. ओव्हरटाइम करणाऱ्याच्या हातून ओव्हरटाइम करणाऱ्यांचेच पैसे कापले गेले. यावर टीममध्ये एक-दोघं हसलेही. नंतर कोणी हसलं नाही, कारण त्या गोदामातल्या कोणाचं तरी घरभाडं त्या पैशावर होतं.

पैसे पुढच्या पगारात दिले गेले. मग मूळ कारण शोधायची बैठक झाली. अशा बैठकीचा एक तक्ता असतो. त्यात कारणाच्या रकान्यात निवडायला चार-पाच पर्याय: गरज नीट कळली नाही, रचना चुकली, चाचणी अपुरी, मानवी चूक. ‘मानवी चूक’ निवडलं गेलं. उपायाच्या रकान्यात लिहिलं, ‘संबंधितास अधिक काळजी घेण्याची सूचना दिली.’ संबंधित तो एकटाच होता. तो माणूस किती तास जागा होता, हा रकाना तक्त्यात नव्हता. खरं तर ती माहिती शोधायलाही लागत नाही. कोडमधल्या प्रत्येक बदलावर वेळ छापलेली असते. त्याच्या त्या बदलावर होती २:१७.

तेव्हापासून मला हा ‘मानवी चूक’ शब्द खुपतो. माणूस थकतो, ही गोष्ट मानवीच आहे. पण थकलेल्या माणसाला कामावर ठेवणं हेही माणसंच ठरवतात, आणि तो निर्णय चुकीच्या यादीत कधी येत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात दारूड्याचं उदाहरण घेतलं आहे. नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा असावी असे नियम त्याच्या काळी होते, आणि त्याचं समर्थन तो असं करतो: गुन्हा करताना माणूस शुद्धीवर नसेल, पण न पिणं त्याच्या हातात होतं. चुकीचा उगम त्याच्यातच आहे. आपल्याकडच्या जुन्या भारतीय दंड संहितेने याचीच दुसरी बाजू ८५ व्या कलमात लिहून ठेवली होती. ज्याला नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिली गेली, आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याला त्या कृत्यासाठी गुन्हेगार धरत नाहीत. म्हणजे दोन्हीकडे मुख्य प्रश्न एकच: पेला कोणी भरला?

जागरणाची नशेशी तुलना मी अलंकार म्हणून करत नाही. डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये ती मोजून दाखवली होती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हातडोळ्यांची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खाली येते. आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. पहाटे सहाला उठून, डबा करून, लोकल किंवा बस पकडून कामावर आलेला कोणीही रात्री अकराला त्या रेषेपलीकडे असतो. त्या वेळी त्याच्या हातात गाडीची किल्ली कोणी देऊ नये असं कायदा म्हणतो. प्रोडक्शनचा पासवर्ड चालतो.

प्रोग्रामरांवरच केलेला एक प्रयोगही आहे. इटलीत ४५ विद्यार्थ्यांना एकच काम दिलं, त्यातल्या काहींना आदल्या रात्री झोपू दिलं नव्हतं. न झोपलेल्यांच्या कोडची गुणवत्ता निम्म्यावर आली. लिनक्स आणि पोस्टग्रेस यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेतले बदल जास्त सदोष निघाले आणि सकाळी सात ते दुपारी बारामधले सर्वांत कमी. आमच्या क्षेत्रात हे कोणाला माहीत नाही असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये, ही म्हण होऊन बसली आहे.

आता कोणी म्हणेल, त्या पोराला कोणी बांधून ठेवलं होतं? त्याने स्वतः ‘हो सर, करतो’ म्हटलं. बरोबर, म्हटलं. मीही ते ऐकलं. पण या होकाराची जात जरा तपासून बघा. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची कामगिरी रात्र रात्र न झोपलेल्यांच्या पातळीला आली. आणि त्यांना स्वतःला विचारलं, तर ते म्हणत होते की थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. म्हणजे थकवा सगळ्यात आधी जे गिळतो, ते थकवा ओळखणारं यंत्र. ‘मी करू शकतो’ असं सांगणारा आवाज आणि ‘तू आता थांब’ असं सांगणारा आवाज एकाच डोक्यातून येतात, आणि रात्री एक वाजता त्यातला दुसरा झोपलेला असतो. मग एक वाजता दिलेल्या संमतीला संमती का म्हणायचं? दारू प्यायलेल्या माणसाकडून सातबाऱ्यावर अंगठा घेतला तर गावात त्याला काय म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

संमती घ्यायचीच तर सकाळी अकराला घ्यावी, आणि ‘नाही’ म्हटलं तर काही बिघडणार नाही अशी हमी देऊन घ्यावी. ती हमी कोणी देत नाही, आणि इथे आमच्या भागातली एक अवघड गोष्ट येते, जिच्याबद्दल पुण्यामुंबईचे लोक फारसं बोलत नाहीत.

अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीमकडून आलेलं पोरगं कंपनीत शिरतं तेव्हा त्याच्याकडे इंग्रजी थोडं कमी असतं, कॉलेजचं नाव कमी असतं, ओळखी जवळपास नसतात. शेजारच्या खुर्चीतला मुलगा मीटिंगमध्ये सहज बोलतो, हसतो, मॅनेजरला नावाने हाक मारतो. आपल्याकडे काय जास्त आहे? तास. ते आपण देऊ शकतो, आणि द्यायला कोणाची शिफारस लागत नाही. शेवटची बस गेली तरी चालते, जेवण नाही झालं तरी चालते. पाठीमागे बापाने कॉलेजच्या फीसाठी काढलेलं कर्ज असतं. अशा पोराला ‘काम आणि आयुष्य यांचा समतोल साध’ असं सांगणं म्हणजे ज्याच्याकडे एकच नाणं आहे त्याला ते खर्च करू नको म्हणण्यासारखं आहे. २०२३ साली नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वाक्य बाहेर आलं आणि समाजमाध्यमांवर त्यांची खूप टिंगल झाली. मला त्या टिंगलीत फार भाग घ्यावासा वाटला नाही. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण आमच्यातले कित्येक जण ते कोणी न सांगता आधीच करत होते.

तरीही या नाण्याबद्दल एक हिशेब मांडायला हवा, कारण ते खोटं निघतं. जॉन पेनकॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. तिथे बहुतेक कामगार बाया होत्या. आठवड्याला ५० तासांच्या पुढे गेल्यावर प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घसरत जातं, आणि ७० तास काम करणाऱ्यांचं एकूण उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. वरचे १४ तास गेले कुठे? तोफगोळ्यांच्या बाबतीत ते नुसते वाया गेले. कोडच्या बाबतीत तितकंच होऊन थांबत नाही. थकून लिहिलेली ओळ उद्या कोणीतरी वाचतो, त्यावर आणखी काही रचतो, परवा ती बिघडते, आणि दोन माणसं दोन दिवस ती शोधतात. त्या रात्रीच्या त्या चार ओळींवर नंतर आमचे सगळ्यांचे मिळून कितीतरी तास गेले. ते कोणाच्या टाइमशीटवर ‘जागरणाची परतफेड’ म्हणून लिहिले गेले नाहीत. नवीन काम म्हणून लिहिले गेले.

तासांची ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. आमच्या गावागावांतून जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या अजून उभ्या आहेत. वेचणी झाली की कापूस जिनात यायचा आणि काही महिने गिरणी रात्रंदिवस चालायची. देशातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता, त्यामुळे हंगामी जिन बाहेरच राहिले. १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांबद्दल साक्षी झाल्या. त्यात हंगामात बाया पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उभ्या असल्याचं नोंदलं गेलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज आपण जो वीकेंड म्हणतो त्याचा अर्धा भाग तिथून आला आहे. पण हंगामी कारखान्यांना कायदा पुढेही सावत्रच वागवत राहिला. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तास, हंगामींना ६०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात तयार झालेल्या आणि १९४६ साली आलेल्या दुरुस्तीने हे आकडे ४८ आणि ५० वर आणले. १९४८ च्या कायद्याने तो फरकच काढून टाकला. ‘हंगाम आहे, थोडे दिवस आहेत, उरका’ हा युक्तिवाद मोडायला ६७ वर्षं लागली. आमच्याकडे त्याचं नाव रिलीज आहे. फरक इतकाच की जिनाचा हंगाम वर्षातून एकदा यायचा.

जिन आणि कोड यांच्यात मात्र एक फरक मला सारखा छळतो. जिनमध्ये रुई पुढे सारणारी बाई थकली आणि तिचा हात चुकला, तर तो यंत्रात जायचा तिचाच. चूक आणि तिची किंमत एकाच शरीरावर. ते भयानकच होतं, पण निदान कोणाला दिसायचं तरी. आमची चूक रक्त काढत नाही. स्क्रीन तशीच उजळ राहते, कोड चालतो, आपण चहा पितो. किंमत दुसरीकडे कुठेतरी, आपण कधी न पाहिलेल्या माणसाच्या खात्यात पडते. आणि ती किंमत काय असू शकते, हे अकोल्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. २०१७ ची कर्जमाफी आठवा. ३४ हजार कोटींची घोषणा, दीड लाखापर्यंतचं कर्ज, आणि अर्ज ऑनलाइन. केंद्रांपुढे रांगा लागल्या, ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि मग बँकांच्या माहितीत विसंगती निघाल्या, एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसू लागले आणि पैसे अडकले. तिथे कोणी झोपेत होतं असा माझा आरोप नाही, मूळ गोंधळ याद्यांचा होता. मी त्या रांगेतल्या माणसाकडे बघतोय. त्याला विसंगती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं की आपलं नाव यायला हवं होतं आणि आलं नाही. खिडकीतला माणूस त्याला सांगत होता, ‘सिस्टिममध्ये दिसत नाही.’

त्यामुळे माझ्या मनात त्या २:१७ च्या चुकीची वाटणी अशी होते. मोठा वाटा त्याचा, ज्याने तारीख ठरवली आणि ज्याच्या हातात तास होते. त्याला माहीत होतं, किंवा एका क्लिकवर माहीत होऊ शकत होतं. लहान वाटा त्या मुलाचाही आहे. तो शून्य करायला मी तयार नाही, कारण तो शून्य केला की त्याला मी बैल समजतो. बैलाला ‘मी थकलो’ म्हणता येत नाही, याला येतं. पण म्हणता येणं आणि म्हणायची सोय असणं या दोन गोष्टींमध्ये जितकं अंतर आहे, तितका त्याचा वाटा कमी होतो. आणि रात्रीच डोकं चालतं असं म्हणणारेही आहेत, आमच्यातच आहेत. शांतता असते, फोन नसतो, मलाही ते सुख माहीत आहे. दुपारी झोपून रात्री जागणाऱ्याशी माझं भांडण नाही. सकाळी दहालाही बसलेला असतो आणि रात्री दोनलाही, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

कायद्याकडून फार आशा ठेवावी असं दिसत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट मजुरी असं लिहिलं होतं. पण व्यवस्थापक, पर्यवेक्षक वगैरे त्यातून वगळलेले आहेत, आणि आयटीत दुसऱ्याच वर्षी कोणाच्याही नावापुढे ‘लीड’ लागू शकतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांसाठी नऊचे दहा आणि कारखान्यांसाठी नऊचे बारा तास करायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असंही तेव्हा सांगितलं गेलं. ती लेखी संमती किती वाजता घ्यायची, ते कोणी सांगितलं नाही.

मी आमच्या टीममध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: रात्री दहानंतर लिहिलेला कोड त्या रात्री मुख्य शाखेत जाणार नाही, सकाळी दुसऱ्या कोणीतरी वाचल्यावरच जाईल. मॅनेजर म्हणाले, बघू, क्लायंटला कसं वाटेल. दोघं-तिघं लगेच तयार झाले. दर्यापूरचा तो मुलगा काही बोलला नाही. नंतर त्याचा फोन आला.

“भाऊ, तुमचं बरं हाय. घर अकोल्यात हाय, आई गरम भाकर वाढते. मी दहाले बंद केलं आन् बाजूचा बारापर्यंत बसला, तं अप्रायझलले कोनाचं नाव घेतीन?”

बाजूच्याचाही कोड सकाळीच जाईल, मी म्हटलं. नियम सगळ्यांना सारखा असेल.

“नियम कोडले हाय ना भाऊ. बसाले थोडीच हाय.”

यावर मी त्याला म्हटलं, उद्याच्या मीटिंगमध्ये हेच बोल, मी तुझ्या बाजूने बोलतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मीटिंग रात्री साडेनऊला आहे ना, तोवर बघतो.